टेक्निकल रायटिंगच्या कॉन्फरन्सला सोलापूरहून पुण्याला जाण्यात अर्थ आहे का?

ताणा_बाणा (चिंचोली एमआयडीसी)
नमस्कार मंडळी. आमच्याकडे वाइंडिंग मशीनं (सूत गुंडाळणारी) बनतात. मॅन्युअल आम्ही दोघंच लिहितो, सगळं वर्डमध्ये, मराठी-इंग्रजीत. आता गिऱ्हाइकं तेलुगूही मागतात, कारण बरेच कारागीर तेलुगू बोलणारे. पुण्यात एका दिवसाची डॉक्युमेंटेशनची कॉन्फरन्स आहे. मालक म्हणतात, एकाला पाठवतो, पण येताना काय आणलं ते दाखवा. नेमकं काय आणता येतं? आणि अमेरिकेतल्या एसटीसीची (टेक्निकल रायटर्सची संघटना) मेंबरशिप घ्यावी का?

पान_क्रमांक_सात
जाण्यात अर्थ आहे, पण भाषणांसाठी नाही. भाषणं बहुतेकदा नंतर यूट्यूबवर येतात. राइट द डॉक्स या डॉक्युमेंटेशनवरच्या कॉन्फरन्सची तर 2013 पासूनची फुकट बघता येतात. जायचं ते आपल्याच अडचणीतून आधी गेलेला माणूस गाठायला.

त्यासाठी मॅन्युअलची दोनच पानं छापून न्या: एक धोक्याच्या सूचनांचं, एक कृतीचं. मॉडेल नंबर आणि गिऱ्हाइकाचं नाव झाकायला विसरू नका, गोपनीयतेचा करार तिथेही लागू असतो. 'डॉक्युमेंटेशन कसं सुधारावं' असं विचारलंत तर उत्तरही तसंच मोघम येतं. 'तीन भाषांत हा इशारा एकाच जागी बदलायचा, तुम्ही कसं करता?' असं पान दाखवून विचारा, समोरचा पेन काढून त्यावरच खुणा करायला लागतो. ते खुणा केलेलं पान मालकांना दाखवा.

वक्त्यांची यादी आली की दोघा-तिघांना आठवडाभर आधी लिंक्डइनवर एकच प्रश्न पाठवा. नंतर दोन दिवसांच्या आत, काय बोलणं झालं होतं त्याचा उल्लेख करून पुन्हा लिहा. नुसती कार्डं गोळा करून आणलीत तर महिन्याभरात कोण कुठला ते आठवत नाही.

हुतात्मा एक्सप्रेस पुण्यात पोचेपर्यंत साधारण साडेदहा होतात, पहिलं सत्र हुकतं. वंदे भारतने जा.

शुद्धलेखन_तपासनीस
एसटीसी जानेवारी 2025 मध्ये बंद झाली. 1953 पासूनची संस्था, त्यामुळे जुन्या लेखांत अजून तिचाच सल्ला दिसतो.

माल युरोपला जात असेल तर तिथे नियमांवरचं सत्र चुकवू नका. युरोपियन युनियनचं नवं मशिनरी रेग्युलेशन 20 जानेवारी 2027 पासून लागू होतंय. मॅन्युअल डिजिटल देता येईल, पण मशीनच्या अपेक्षित आयुष्यभर आणि किमान 10 वर्षं ते ऑनलाइन ठेवावं लागेल. खरेदीच्या वेळी कुणी छापील मागितलं तर एका महिन्यात फुकट द्यायचं. वेबसाइट दर तीन वर्षांनी बदलणाऱ्या कारखान्यांना यातला 10 वर्षांचा भाग जड जाणार. जुन्या लिंका कशा जपायच्या, हे तिथे आवर्जून विचारा.

वेलांटी
सॉफ्टवेअरच्या स्टॉलवर त्यांचा डेमो बघू नका. पेन ड्राइव्हवर आपली वर्डची 20 पानं न्या, टेबलं आणि देवनागरीसकट, आणि समोर पीडीएफ करून मागा. मग त्या पीडीएफमध्ये 'दुरुस्ती' आणि 'स्थिती' शोधा. कधीकधी डोळ्यांना अक्षरं नीट दिसतात, पण शोधात सापडत नाहीत. अक्षराच्या आकृतीची युनिकोडशी (प्रत्येक अक्षराचा ठरलेला संगणकी क्रमांक) जोडणी चुकलेली असते. 'स्थिती'तली पहिली वेलांटी कॉपी केल्यावर जागा सोडते का, तेही बघा. तेलुगूचं एक पान न्याच, तिथली जोडाक्षरं आणखी त्रास देतात. जुनी मॅन्युअलं श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत असतील तर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर ही चाचणीच होणार नाही.

ताणा_बाणा
आभार. सगळं श्रीलिपीतच आहे, आजच सुरू करतो. स्टॉलवाले डिटा (मजकूर सुट्या तुकड्यांत लिहून पुन्हा पुन्हा वापरायची पद्धत) घ्या म्हणतील, तेव्हा?

पान_क्रमांक_सात
दोन माणसं आणि पाच-सहा मॅन्युअल असतील तर घाई नको. ज्यांनी डिटा घेतलंय त्यांना तीन गोष्टी विचारा: जुना मजकूर आणायला किती महिने गेले, पीडीएफची स्टाइलशीट (पानाची मांडणी ठरवणारी फाइल) कोण सांभाळतं आणि तो माणूस सोडून गेला तर काय. तिसऱ्यावर जो अडखळतो, त्याच्याशी चहा घेत अर्धा तास बोला.

आणि सोलापुरातच चार-पाच जण महिन्यातून एकदा सात रस्त्याला जमा. प्रत्येकाने एक पान आणायचं. ज्याने ते मशीन कधी पाहिलं नाही त्याने मोठ्याने वाचायचं, लिहिणाऱ्याने गप्प बसून तो कुठे थांबतो तेवढं टिपायचं. जमलं तर एखाद्या जॉबरलाही (कारखान्यात मशीनं लावणारा-दुरुस्त करणारा) बोलवा.