थंडीत जोडीनं बाहेर पडणारे, इकडं या (सातारा-सांगली)

घोंगडीवाली:
ट्रंकेतली शाल काढून झटकली तर काठात गेल्या जानेवारीतली कुसळं तशीच. येवतेश्वरच्या माळावरची. म्हटलं धागाच काढावा. नवरा-बायको, सोबत पोरं नाहीतर सासूबाई, आणि हातात जेमतेम अर्धा दिवस. कुठं जावं, किती वाजता, काय न्यावं, काय फसतं एवढंच लिहा. 'खूप मज्जा येते' हे सगळ्यांना माहीत आहे.

माझ्याकडून कास. फुलं ऑगस्ट ते ऑक्टोबर, त्यामुळं डिसेंबरात पठारावर फुलं शोधणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी होतात. हिवाळ्यात जायचं ते तलावासाठी आणि पिवळ्या गवतासाठी. साताऱ्यातून २५ किलोमीटर. दुपारी तीनला निघा, साडेपाचला परतीला लागा. सूर्य कलला की असा वारा सुटतो की पोरांच्या आधी मोठ्यांचे कान दुखतात. एक जाड स्वेटर नको, दोन पातळ घाला. चालताना एक काढता येतो, नाहीतर घाम आत मुरतो आणि थांबल्यावर तोच गार पडतो. थर्मासात दुधाचा चहा भरू नका, दोन तासांत वास मारतो. आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्या, मग कोरा गवती चहा. दूध वेगळ्या बाटलीत.

हरिपूर_रोड:
झालं, सातारकर डोंगरावर चढले! आमच्याकडं डोंगर नाही, पण गुडघेही दुखत नाहीत. सासूबाई सोबत असतील तर सांगलीतून हरिपूर. सपाट रस्ता, दोन्हीकडं झाडी, शेवटी संगमेश्वराचं देऊळ आणि कृष्णा-वारणेचा संगम. सकाळी लवकर नको, नदीवरून धुकं येतं आणि दूधवाल्यांच्या गाड्या सुसाट. चारनंतर उत्तम.
हळदीची पेवं बघायची तर आधी मालकाला विचारा. जमिनीखालची कोठारं ती, तोंड बारीक अन् पोट मोठं. उघडलेल्या पेवात लगेच कुणी उतरत नाही, आत हवा कोंडलेली असते. पेटता कंदील खाली सोडून बघायचा, विझला तर थांबायचं. पोरांना काठावर उभं करू नका. २००५ च्या महापुरात बरीच पेवं गेली, त्यामुळं जी आहेत ती बघून घ्या.

माणदेशी_गडी:
ताई, आधी शालीचं बघा. कुसळाच्या टोकाला उलटे केस असतात, ते पुढंच सरकतं, मागं येत नाही. शेपटाकडून ओढलं की टोक आत मोडतं आणि तेच टोचत राहतं. शाल उलटी करा, टोक जिकडं निघालंय तिकडूनच चिमट्यानं ओढा. हात कोरडे हवेत. ओल लागली की शेपटाचा पीळ सुटतो आणि ते गिरमिटासारखं आत शिरतं, बी मातीत पेरायची त्याची ती सोयच आहे. माळावर लोकरी मोजे नकोत, गुळगुळीत कापडाची पँट घाला.

घोंगडीवाली:
आवं, मी मघापासून शेपटाकडूनच ओढतेय.

खटावची_ज्वारी:
हुरड्याचं लिहितो, कारण पाहुणे नेमके चुकीच्या आठवड्यात येतात. दाणा दाबल्यावर दूध आलं तर तो अजून चिकात आहे, भाजलात की नुसती साल उरेल. नख रुततंय, दूध येत नाही, दाणा हिरवा आणि मऊ, तो हुरडा. पुढं आठ-दहा दिवसांत टणक होतो. म्हणून शेतकऱ्याला 'या रविवारी येऊ का' विचारू नका, 'दाणा कधी भरतोय' विचारा.

खास हुरड्याची गुळभेंडी, सुरती, कुचकुची असेल तर दाणा बोंडातून लगेच सुटतो. भाकरीची मालदांडी चालते, पण चोळून तळहात सोलवटतात. आगटी वीतभर खोल, वाऱ्याला आडोसा करून. चार माणसांना दहा-बारा शेण्या पुरतात. घाई इथंच नडते. जाळावर भाजलं की बोंड करपतं आणि दाणा कच्चा राहतो. धूर संपून निखाऱ्यावर पांढरी राख धरली की कणसं आत खोचायची, देठ बाहेर, दोन-तीन मिनिटं फिरवत. काढल्या काढल्या पोत्याच्या तुकड्यात घालून चोळायचं, गार झालं की कूस सुटत नाही. मग सुपात पाखडा. एकानं भाजायचं, एकानं चोळायचं. जोडीचं काम आहे हे, एकटा माणूस दुसऱ्यांना वाढून उपाशी राहतो. माणशी आठ-दहा कणसं धरा. सोबत कारळ्याची चटणी, गूळ, दही.

जतची_सून:
चटणी शेंगदाण्याची, लसूण घालून. कारळ्याची काय?

खटावची_ज्वारी:
कारळ्याची. विषय संपला.

जतची_सून:
तुमच्याकडं संपला असेल. आमच्याकडं अजून खलबत्त्यात आहे.

दोन_पोरांची_आई:
वाचतेय. दूध उतू गेलं, आले परत.

कराडचा_ड्रायव्हर:
सगळं करा, पण येताना अंधार करू नका. कारखाने पेटले की कराड, वाळवा, पलूस, कुठल्याही रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. मागं रिफ्लेक्टर असेलच असं नाही. ऊस ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेला असतो, तो समोरच्या गाडीच्या झोतात दिसत नाही. ओव्हरटेक करताना माणूस एक ट्रॉली धरून अंदाज बांधतो, आणि असतात दोन. चढाला मागं चिकटून उभं राहू नका, लोड जास्त असला की ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि सगळं घेऊन मागं येतो. सांडलेल्या उसावरून दुचाकी घसरते ती बहुतेक वळणावरच.
दुचाकीवर ४ वर्षांखालचं पोर असेल तर चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा, हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. फेब्रुवारी २०२३ पासून देशभर नियम आहे. टाकीवर बसवायचं तर सोडाच, गार वारा थेट त्याच्या छातीवर.

दोन_पोरांची_आई:
पट्टा कसला घ्यायचा दादा? साधा कमरेचा चालतो?

कराडचा_ड्रायव्हर:
नाही. दोन्ही खांद्यांवरून येणारा घ्या. नुसता कमरेचा असला की पोर झोपल्यावर बाजूला कलंडतं, आणि हिवाळ्यात गाडीवर ती झोपतातच. स्वेटर घालूनच माप घ्या.

येळकोट:
पौषात कराड तालुक्यातल्या पालीला खंडोबा-म्हाळसाचं लग्न. भंडाऱ्यात न्हाऊनच यायचं असतं, तेव्हा नवी पैठणी नेसून येणाऱ्यांनी मागाहून रडू नये. घरी आल्यावर कपडे आधी कोरडेच झटका. पाणी आधी लागलं की हळद धाग्यात बसते. साबण लावला की डाग लाल होतो, घाबरू नका, साबणातल्या खारानं हळद लाल दिसते, पाण्यात खळबळली की परत पिवळी. राहिलेला पिवळा डाग दोन-तीन दिवस कडक उन्हात, हळदीचा रंग उन्हापुढं टिकत नाही. लेन्स असेल तर त्या दिवशी चष्माच लावा. मोबाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. खोबऱ्याच्या तुकड्यांवरून पाय सरकतो, चप्पल बघून घाला.
आणि हो, बायकोला उचलून पायऱ्या चढायचं ते जेजुरीला. पाल नदीकाठी सपाटीला आहे, सुटलात.

हरिपूर_रोड:
हा शेवटचा मुद्दा वर घ्या हो, ठळक करून.

माहुलीकर:
यात्रांचंच निघालंय तर पुसेगाव. मार्गशीर्ष वद्य दशमीला सेवागिरी महाराजांचा रथ, नोटांनी मढलेला. रथ बघायचा तर तोच दिवस, पण पोरांना खिलार जनावरं दाखवायची तर रथाचा दिवस सोडून सकाळी जा, बाजारात नीट फिरता येतं.
मांढरदेवला काळूबाईच्या यात्रेत पौष पौर्णिमेच्या मुख्य दिवशी कडेवर पोर घेऊन चढू नका. २००५ साली जानेवारीत जी चेंगराचेंगरी झाली, तिथं फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायाखालचं निसरडं झालं होतं. यात्रा ओसरल्यावर जा, देवी तीच असते.

शिराळ्याची_काकवी:
गुऱ्हाळ राहिलं. काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, उतरायच्या वेळेला पोचा, नाहीतर पोरं अडीच-तीन तास नुसती वाफ बघतात. रस तापला की भेंडीची ताटं ठेचून कुस्करलेलं चिकट पाणी घालतात, ते मळी धरून वर आणतं, ती काढत राहायची. काकवी १०५ अंशांच्या आसपास, गूळ ११८ च्या. थर्मामीटरचं काम नाही, गुळव्या थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळते का बघतो.
काकवीला कोरडा स्टीलचा डबा न्या आणि पूर्ण गार होईस्तवर झाकण लावू नका. वाफेचं पाणी आत पडलं की आंबते. सगळ्यांत महत्त्वाचं, पोराचा हात सोडू नका. उकळतं पाणी अंगावरून निथळतं तरी, पाक चिकटून भाजत राहतो.

पठारावरची:
बामणोलीहून वासोटा किल्ला कुणी लिहिला नाही? फक्त दोघं असाल तर बोटीचं भाडं अंगावर येतं, ते बोटीला असतं, माणशी नाही. शनिवारी-रविवारी लवकर पोचून दुसरा गट जोडून घ्या. पाण्यावर तासाभराच्या वर, म्हणून बोटीतच कानटोपी. वनखातं प्लॅस्टिक मोजून सोडतं, तेव्हा डबे स्टीलचे. मुक्काम करता येत नाही, दुपार कलायच्या आत उतरायला लागा. जंगलातल्या वाटेवर खाजकुयलीच्या तपकिरी मखमली शेंगा लोंबतात, 'अय्या किती मऊ' म्हणून हात लावू नका. लागलीच तर खाजवू नका, चोळू नका. चिकटपट्टी लावून उचका, चार-पाच वेळा, मग धुवा. ते कपडे बाकीच्यांत भिजवू नका, घरभर नाचाल.

मिरजेची_काकी:
घरात नवी जोडी असेल तर हलव्याच्या दागिन्यांना आत्ताच हात घाला. पाव किलो साखर, बुडेल एवढं पाणी, उकळताना चमचाभर दूध घालून मळी काढायची. एकतारीच्या अलीकडंच थांबा. तव्यावर पितळी परात, मंद आच, मूठभर तीळ. चमचाभर पाक घालून बोटांनी फिरवत राहायचं, सुकला की पुढचा चमचा. दोन चमचे एकदम पडले की दाणे चिकटून बसतात. काटा गार आणि कोरड्या हवेतच येतो, ढगाळ असेल त्या दिवशी बसूच नका. चार-पाच दिवस लागतात, आणि नवऱ्यांनाही बोटं असतात.

दोन_पोरांची_आई:
काकी, शेवटची ओळ आमच्या ह्यांना वाचून दाखवली. ते गच्चीवर गेले.
विषय सोडून विचारते, सासूबाईंसाठी डिंकाचे लाडू केले, डिंक दाताला चिकटतोय. का?

मिरजेची_काकी:
आतून कच्चा राहिलाय. मोठे खडे तसेच तळलेस. आधी हरभऱ्याएवढे फोड, तासभर उन्हात दे. मग मध्यम आचेवर चमचा-चमचा टाक, भरपूर तुपात. तूप कडक असलं की वरून फुलतो आणि मधे काचेसारखा राहतो. फुललेला चिमटीत दाबला की भुगा झाला पाहिजे. आत्ताचे लाडू मोडून परतू नकोस, गूळ करपेल. तेवढे तुम्हीच दातवाल्यांनी संपवा.

वाईकर:
स्ट्रॉबेरी. रस्त्यावर पेटीतली वरची फळं बघून घेऊ नका, पेटी तिरकी करून खालून बघा, ओल दिसली की सोडा. देठापाशी पांढरी असेल तर घेऊ नका, तोडल्यावर रंग चढला तरी गोडी वाढत नाही. घरी आणून धुवून ठेवू नका, खायच्या वेळी देठासकट धुवा, देठ नंतर काढा. आधी काढलं की पाणी आत शिरतं अन् चव जाते. पसरट डब्यात एकच थर. डिकीत तर मुळीच नको, घाट उतरेपर्यंत जाम होतो.

जतची_सून:
जामच करायचा होता म्हणायचं.

घोंगडीवाली:
टोकाकडून ओढली, सगळी कुसळं निघाली. अर्धी वाटी भरली. अंगणात झटकते आता.

माणदेशी_गडी:
अंगणात नको हो ताई, पावसाळ्यात उगवतील. चुलीत टाका.