व्हॅन्डनबर्गची शटल मोहीम नेमकी कशामुळे बारगळली?

ओंकार_पी
मंडळी, एक शंका. १९८६ मध्ये डिस्कव्हरी हे अंतराळ शटल अमेरिकी हवाई दलासाठी कॅलिफोर्नियातल्या व्हॅन्डनबर्गहून उडणार होतं ना, एसटीएस-६२-ए? जानेवारीत चॅलेंजर फुटलं आणि ही मोहीम गेली, एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं. खरंच एवढंच? आणि फ्लोरिडा सोडून तिकडे जायचं काय अडलं होतं?

मेघना
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं. टेहळणीला ध्रुवांकडून जाणारी कक्षा लागते. फ्लोरिडाहून तसं जायचं तर वाटेत वस्ती येते, व्हॅन्डनबर्गच्या दक्षिणेला नुसता पॅसिफिक. (२०२५ मध्ये फ्रॅम२ या खासगी मोहिमेची चार माणसं फ्लोरिडाहूनच ध्रुवांवरून गेली, पण ती छोट्या कुपीतून.)

देशपांडेकाका
ओंकार, व्हॅन्डनबर्गचा तो एसएलसी-६ उड्डाणतळ आधीच रखडला होता. इंजिनं पेटवून ऐनवेळी बंद करावी लागली, तर न जळलेला हायड्रोजन ज्वाळा बाहेर नेणाऱ्या झाकलेल्या बोगद्यात साचून स्फोट होईल, ही भीती. मी खत कारखान्यात अमोनिया प्लांटला होतो. हायड्रोजन गळून पेटला तर भर दिवसा ज्वाळा दिसत नाही. लांब दांड्याचा झाडू पुढे धरून सरकायचं, झाडूने पेट घेतला की गळती तिथे. असला वायू बंदिस्त जागेत, आणि वर सात माणसं! मी तर सही केली नसती.

ओंकार_पी
म्हणजे काका, चॅलेंजर झालं नसतं तरी उडालं नसतं?

देशपांडेकाका
उडालं असतं रे, उशिरा का होईना. बोगद्यात वाफ सोडायचा तोडगा निघाला होता. पण चॅलेंजर गेलं ते बूस्टरच्या (शटलला वर ढकलणाऱ्या बाजूच्या रॉकेटच्या) सांध्यामुळे, आणि इथे तर वजन वाचवायला कार्बन तंतू गुंडाळलेले नवेकोरे बूस्टर. त्यावर माणसं बसवायला कोण धजावणार?

या मोहिमेचा कमांडर क्रिपेन, त्याचं नशीब बघ. हा तळ मुळात बांधला एमओएल या लष्करी अंतराळस्थानकासाठी. त्याच्या अंतराळवीरांतही क्रिपेन होता, तेही १९६९ मध्ये रद्द.

त्याहून कमाल पीट ऑल्ड्रिजची. हवाई दलाचा उपसचिव, या उड्डाणात त्याची जागा ठरलेली. जून १९८६ मध्ये तो सचिव झाला, आणि जुलैअखेर तळावरचं शटलचं काम गुंडाळून ठेवत असल्याची घोषणा त्यालाच करावी लागली.