मदत हवी आहे: सागाच्या पालवीमुळे फ्री डिशचा सिग्नल अडतो, छत्री कुठे हलवावी?

रत्नागिरी तालुक्यातील आमच्या घरी आई-वडील राहतात आणि त्यांच्या टीव्हीला डीडी फ्री डिशची ६५ सेंमीची छत्री जोडलेली आहे. मार्चमध्ये ती बसवली तेव्हा सिग्नलची क्वालिटी उत्तम होती. जूनपासून मात्र ती घसरली असून, पाऊस नसलेल्या दुपारीही सह्याद्री वाहिनीचे चित्र तुटते आणि थांबते. मुसळधार पावसात केयू बँडचा (फ्री डिश ज्या उपग्रह लहरींवर चालते त्या पट्ट्याचा) सिग्नल थोडा वेळ जाणारच, त्याबद्दल तक्रार नाही. एलएनबी (छत्रीसमोरचा, सिग्नल पकडणारा भाग) आणि केबलचे जोड बदलले, बॉक्स शेजाऱ्यांकडे लावून पाहिला. दोष तिथे नाही.

माझा संशय गडग्यालगतच्या सागावर आहे. छत्री बसवली तेव्हा तो निष्पर्ण होता. आता त्याला सुपाएवढी पाने आली आहेत आणि पानांतले पाणी या लहरी शोषून घेते. जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. रत्नागिरीहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १२८ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश उंच दिसायला हवा, असे माझे गणित सांगते. म्हणजे झाडापासून दर मीटर अंतरामागे छत्रीच्या पातळीपेक्षा साधारण १.७ मीटर उंचीपर्यंतचा अडथळा चालतो. साग छत्रीपेक्षा १२ मीटर उंच आणि तिच्यापासून जेमतेम ६ मीटर दूर आहे, त्यामुळे त्याचा शेंडा बरोबर वाटेत येतो. पाहणीसाठी आलेल्या कारागिरांनी समोरच्या आंब्याच्या कलमाकडे बोट दाखवले, पण ते मला पटत नाही, कारण आमच्यासारख्या ऑफसेट छत्रीचे (जिचा एलएनबी मध्यभागी नसून खालच्या बाजूला असतो) तोंड दिसते त्यापेक्षा तिची नजर सुमारे २५ अंश वर असते. कलम छत्रीपासून उपग्रहाकडे जाणाऱ्या रेषेच्या बरेच खाली राहते.

साग तोडण्याचा विचार नाही. तो चुलत्यांच्या हद्दीत आहे, तोडायला रीतसर परवानगी लागते, आणि टीव्हीसाठी उभे झाड पाडणे आम्हा कुणालाच मान्य नाही. फांद्या छाटल्या तरी साग पुन्हा जोमाने फुटतो.

म्हणून छत्री घरामागे, वायव्येला गोठ्याजवळ न्यावी असे वाटते. तिथून साग २० मीटरपेक्षा दूर पडतो. मध्ये घर येते हे खरे, परंतु कौलारू छपराचा आढा तिथल्या छत्रीपेक्षा साडेचार मीटर उंच आणि ७ मीटर दूर आहे, त्यामुळे वरच्या हिशोबाने रेषा छपरावरून सहज जाते. घरामागे छत्री चालते यावर वडिलांचा अजून विश्वास बसत नाही. ज्यांनी अशी छत्री प्रत्यक्ष बसवली आहे, त्यांनी हा हिशोब तपासून द्यावा, ही विनंती. रेषेच्या दोन्ही बाजूंना आणि खाली किती मोकळी जागा ठेवावी, हेही सांगावे.

त्या जागेहून टीव्हीपर्यंत सुमारे ३५ मीटर आरजी-६ (छत्रीला वापरतात ती कोअ‍ॅक्सियल) केबल लागेल. मध्ये जोड न देता अखंड तांब्याच्या तारेची केबल घेतली तर एवढ्या अंतरावर फ्री डिशला लाइन अँप्लिफायर (केबलमधला सिग्नल वाढवणारे उपकरण) लागतो का? दुसरा प्रश्न आधाराचा आहे. गोठ्याची भिंत जांभ्या चिऱ्याची असून त्यात बोल्ट कालांतराने सैल होतात, शिवाय वानरे त्या भिंतीवरूनच ये-जा करतात. त्याऐवजी जमिनीत काँक्रीट करून लोखंडी पाइप पुरावा असा माझा कल आहे. पाइप किती जाड असावा आणि किती खोल पुरावा, जेणेकरून वाऱ्याने कोन ढळणार नाही?

जागेची खात्री करण्याचा एक मार्ग माझ्या लक्षात आहे. ३० सप्टेंबरच्या आसपास सकाळी अकराच्या थोडे आधी, तसेच १३ मार्चच्या सुमारास सव्वाअकराला, सूर्य आमच्याकडून पाहता या उपग्रहाच्या जवळपास मागेच येतो; तेव्हा छत्रीच्या जागी सावली पडली तर तिथे अडथळा आहे. पण आम्हाला काम गणपतीला मंडळी घरी येण्यापूर्वी उरकायचे आहे. तोपर्यंत होकायंत्र, कोनमापक आणि ओळंबा एवढ्यावर ५९ अंशांची रेषा पुरेशी अचूक पाहता येते का, की मोबाइलवरील एखादे ॲप अधिक भरवशाचे ठरेल?