मदत हवी आहे: हायस्कूलचा सूक्ष्मदर्शक प्राथमिक शाळेत कसा आणायचा?

राजापूर तालुक्यातली आमची जि. प. शाळा, पहिली ते पाचवी, दोन शिक्षकी. शेजारचं हायस्कूल खासगी संस्थेचं. पाचवीची १४ मुलं तिथल्या प्रयोगशाळेत नेऊन पाहिली. ओटा उंच, आयपीसपर्यंत डोळा पोचत नाही. स्टुलावर चढलं की धक्का लागून फोकस जातो, मोठा स्क्रू फिरवला की स्लाईड फुटते. शिवाय एक शिक्षक तिकडे गेला की उरलेले चारही वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात. पावसात साकवावरून मुलं नेणं तर नकोच. म्हणून दोन सूक्ष्मदर्शक आणि हाताळायला नववीची चार मुलं शनिवारी आमच्याकडे यावीत, असं ठरतंय. हायस्कूलचे मुख्याध्यापक तयार आहेत, केंद्रप्रमुखांचा तोंडी होकार आहे, पालकांची संमतीपत्रंही घेऊ. घोडं अडलंय ते डेडस्टॉकवर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीवर. विकत घेण्याचा सल्ला नको, अनुदान संपलंय. वेगळ्या व्यवस्थापनाच्या शाळेला वस्तू तात्पुरती देताना नोंद कशी करता, सही मुख्याध्यापकांची चालते की संस्थेचा ठराव लागतो, आणि मोडतोड झाल्यास भरपाई कुणाच्या माथी?