मदत हवी: बहिणीचा तृतीयपंथी प्रमाणपत्राचा अर्ज परत आलाय, ऑपरेशनचा कागद मागतायत

मिरजेची_ताई (१२ जून २०२३)
धाकटीचं प्रमाणपत्र काढायचंय. ऑनलाइन अर्ज केला, दीड महिन्यानं 'हॉस्पिटलचा दाखला जोडा' म्हणून परत. ऑपरेशन झालेलं नाही, तिला करायचंही नाही. शुक्रवारच्या आत कागद हवा. ज्यांनी स्वतः काढलंय त्यांनीच सांगा, प्लीज.

कृष्णाकाठ
वय काय तिचं? राहते मिरजेतच ना? आणि अर्जात काय मागितलंय?

मिरजेची_ताई
प्रमाणपत्रच मागितलंय, अजून काय मागणार! २३ वर्षं. इथंच राहते.

कराडकर७१
ऑपरेशनची अट बेकायदा आहे. सुप्रीम कोर्टाचा तृतीयपंथीयांच्या हक्कांवरचा नालसा निकाल, १५ एप्रिल २०१४. स्वतःची ओळख स्वतः ठरवायची, असं कोर्टानं म्हटलंय. निकालाची प्रत घेऊन जा आणि भांडा.

कृष्णाकाठ
अहो, भांडून शुक्रवार निघून जाईल. तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१९ चा कायदा झाल्यापासून प्रमाणपत्राच्या दोन वाटा आहेत. ताई, लिंगाच्या रकान्यात काय भरलं?

वाईचा_शिक्षक
मुळात हे इंग्रजांचं पाप. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं हिजड्यांची नावं रजिस्टरात चढवली. मृत्युपत्र करायचं नाही, मूल दत्तक घ्यायचं नाही, बायकांचे कपडे घालून रस्त्यावर दिसलं की अटक. आपल्याकडं मात्र यल्लम्मा देवीला वाहिलेल्या जोगत्याला मान होता.

कराडकर७१
सर, १८७१ ला तो कायदा वायव्य प्रांत, अवध आणि पंजाबात होता. सांगली तर संस्थान. इथं काय संबंध?

जोगवा_मागणारी
मान म्हणं! मी सौंदत्तीला यल्लम्माकडं जाते. पौर्णिमेला पाया पडतात, दुसऱ्या दिवशी भाड्यानं खोली देत न्हाईत. मान देवीच्या परडीला हाय सर, आमाला न्हाई.

तासगावचा_रवी
पोलीस भरतीत पण आता तृतीयपंथी पर्याय आहे, हायकोर्टानं सांगितलंय. तिला तयारी करायला सांगा.

मिरजेची_ताई
भरतीचं कुणी विचारलंय का? रकान्यात 'स्त्री' भरलं. मुलगीच आहे ती.

कृष्णाकाठ
इथंच अडलंय. 'स्त्री' हवं तर कलम ७, त्याला ऑपरेशननंतरचा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. कलम ६ खाली 'तृतीयपंथी' मागितलं तर फक्त प्रतिज्ञापत्र. तपासणी नाही, डॉक्टर नाही. सही जिल्हाधिकाऱ्यांची, मुदत ३० दिवसांची. माझं असंच निघालं. शुक्रवारपर्यंत मात्र मिळणार नाही. नवीन अर्जाची पोच दाखवून मुदत वाढवून मागा.

कराडकर७१
म्हणजे २०१४ ला कोर्टानं दिलं ते २०१९ ला अर्धं काढून घेतलं. हे गप गिळायचं का?

कृष्णाकाठ
गिळू नका, लढा. मी पण येते. पण पोरीचा कागद आधी निघू दे.

जोगवा_मागणारी
ताई, तिला इचारलंय का, काय लिवलेलं चालंल?

मिरजेची_ताई
नव्हतं विचारलं. आत्ता बोलले. म्हणते, 'तृतीयपंथी' चालेल, पण नाव तिनं ठेवलेलंच पाहिजे. त्याला आधी गॅझेट करावं लागतं का?

कृष्णाकाठ
नाही. त्याच अर्जात जुनं नाव आणि बदललेलं नाव असे दोन रकाने आहेत. भरताना तिला शेजारी बसवा, स्पेलिंग तिच्याकडूनच घ्या.