पिल्लू घरी एकटं राहत नाही, तुमच्याकडे काय केलं? अनुभव लिहा

त्रिमूर्तीनगरची
आमच्या खाली भाड्याने राहणाऱ्या पोट्ट्यांनी परवा पिल्लू आणलं, तीनेक महिन्यांचं असेल. काल सकाळी ते सगळे कॉलेजला गेले अन् साडेनवापासून जे रडणं सुरू झालं ते ऐकून माझी तव्यावरची पोळी करपली. हे रडणं मला पाठ आहे, आमचा भुऱ्या असाच रडायचा.

जून २०२० च्या पहिल्या पावसात गेटपाशी सापडला होता, मुठीएवढा. तेव्हा आम्ही तिघंही चोवीस तास घरी, त्यामुळे एकटं राहणं काय असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. मग ऑफिस उघडलं, माझं मिहानला जाणं सुरू झालं, यांचीही ड्यूटी, पोरगी शाळेत. पहिल्या दिवशी परत आले तर दाराच्या प्लायवर आतून ओरखडे, खाली कपचे, उंबऱ्याजवळ लाळेचं थारोळं अन् त्यात रक्ताचे ठिपके. पुढच्या पायाची दोन नखं तुटली होती. अन् मी त्यालाच रागावले. आजही आठवलं की पोटात कालवतं, कारण तो मस्ती करत नव्हता, घाबरला होता. दुसऱ्या दिवशी जुना मोबाईल शोकेसवर रेकॉर्डिंगला लावून गेले तेव्हा दिसलं, मी जिना उतरायच्या आधीच त्याचं सुरू झालं होतं.

मग चावीपासून सुरुवात केली. चावी उचलली की त्याचं धापा टाकणं सुरू व्हायचं म्हणून दिवसातून दहा-पंधरा वेळा चावी उचलायची अन् परत सोफ्यावर बसायचं, चपला घालायच्या अन् भाजी निवडत बसायचं. आठवडाभराने त्याने मान वर करणं सोडलं. मग दार लावून बाहेर पाच सेकंद, दहा, तीस. घाबरायच्या आत परत यायचं. एखाद्या दिवशी दोन मिनिटांवरून पुन्हा वीस सेकंदांवर यावं लागायचं. चाळीस मिनिटांपर्यंत पोचायला दोन महिने लागले, पण एकदा चाळीस जमली की पुढचं लवकर जमलं. अन् सगळ्यात महत्त्वाचं, हे चालू असताना त्याला खरंखुरं एकटं सोडलं नाही. समोरच्या काकू बसायच्या स्वेटर विणत, त्यांचे उपकार कसे फेडू.

तुमचं सांगा, मी खालच्या पोरांना जाऊन सांगणार आहे.

कूलरवाला
चपला घालून भाजी निवडणं 😄 आमच्या घरी पण हेच, आई म्हणे डोकं फिरलं का रे तुझं.
आमच्याकडे कूलरने फरक पडला. जिन्यावर कोणाचा पाय वाजला की राणी उठून दाराशी, अन् कूलर चालू असला की त्या घरघरीत बाहेरचं काही ऐकूच येत नाही तर पडून राहायची. मे महिन्यात ठीक, दिवाळीनंतर काय करणार, मग नुसता पंखा ताणून चालवायचो. उन्हाळ्यात लाइट गेली की मात्र पळत घरी यावं लागतं, ४५ डिग्रीत बंद खोलीत कुत्रं ठेवणं म्हणजे खेळ नाही.

बेझनबाग_९
आधी डॉक्टर. आधी डॉक्टर. आमची सोनी मागे एकटी राहिली की घरभर सू करायची, आम्ही समजलो टेन्शनमुळे, तीन महिने ट्रेनिंग ट्रेनिंग करत बसलो. सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात नेलं तर लघवी तपासून इन्फेक्शन निघालं. औषधाने सू थांबली, रडणं राहिलंच, पण निदान कोणतं कशामुळे ते तरी कळलं.
रडण्यासाठी मग डॉक्टरांनी फ्लुओक्सेटिन, म्हणजे भीती-चिंता कमी करायची गोळी, लिहून दिलं. घरात सगळे म्हणे एवढ्याशा जिवाला कायची वेड्याची गोळी देता. ती गुंगीची गोळी नाही, अन् लगेच असरही करत नाही, आम्हाला पाचव्या आठवड्यात फरक दिसला. पण त्याआधी जी ट्रेनिंग डोक्यात शिरतच नव्हती ती शिरायला लागली. गोळी अन् सराव दोन्ही लागतं. माणसाची गोळी अंदाजाने अर्धी करून देऊ नका बाप्पा, अन् बंद करतानाही विचारूनच.

तर्री_जास्त
काकू स्वेटर विणत बसल्या हे वाचून डोळे भरले ना. अशा काकू आता कुठे राहिल्या.

संत्राबर्फी
हौ ना तर्री, आमच्या फ्लॅटमध्ये तर सेक्रेटरी म्हणाले कुत्रं काढा नाहीतर घर सोडा. नवीन आलेल्यांनी घाबरू नका, सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, पशुकल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे, मी प्रिंट काढून नेऊन दिलं. पण शेजाऱ्यांनाही त्रास होतोच, त्यांच्याकडे तान्हं बाळ. मी जाऊन सांगितलं की दोन महिने द्या, आम्ही शिकवून राहिलो त्याला. तेव्हापासून त्या वहिनीच मला फोन करून सांगतात, आज रडला नाही बरं का.

तर्री_जास्त
@संत्राबर्फी कोणता एरिया? आमच्याकडेही सेक्रेटरीचं तेच सुरू आहे, ते परिपत्रक पाठवा ना.

संत्राबर्फी
पाठवते संध्याकाळी, आता पोरीला ट्यूशनला सोडायचंय.

फुटाळ्याचा_वारा
मला हे लिहायला जड जाऊन राहिलं तरी लिहितो. आम्हाला एका ट्रेनरने सांगितलं पिंजऱ्यात बंद करा, दोन दिवस रडेल मग शांत होईल. आम्ही ऐकलं. तिसऱ्या दिवशी घरी आलो तर टायगरचा सुळा तुटलेला, जाळीवर रक्त. शांत झाला नव्हता, थकला होता. पिंजरा वाईट नाही, ज्या कुत्र्याला लहानपणापासून दार उघडं ठेवून सवय असते तो आपणहून आत झोपतो. पण जो घाबरलाय त्याला कोंडू नका. आता सहा वर्षांचा आहे, तुटका सुळा दिसला की मी आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवतो.

कूलरवाला
दादा तुम्ही माहीत नव्हतं म्हणून केलं. टायगरला माझ्याकडून एक बिस्किट.

मानेवाडा_चौक
दुसरं कुत्रं आणलं तर होईल का असं विचारणाऱ्यांसाठी, आम्ही आणलं. आमच्याला माणूस हवा होता, कुत्रं नाही, दुसरीला जवळही येऊ देईना. आता दोघं मिळून रडतात. दोघंही लाडके आहेत, पण या कारणासाठी आणू नका.

आम्हाला दहीभात कामी आला. साधं दही, मऊ भात, मीठ साखर काही नाही, वाटीत घालून फ्रीजरला. निघताना द्यायचं, चाटत बसतो पंधरा मिनिटं. मात्र आम्ही गेल्यावर वाटीला तोंडही लावलं नाही तर समजायचं आपण जास्त वेळ गेलो, भीती असली की घास उतरत नाही. दह्यात मनुका टाकू नका कोणी, कुत्र्याच्या किडनीला घातक असतात. नागपूरच्या दुपारी निघायच्या आधी फिरवणं होत नाही म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला अंबाझरीकडे नेतो, भरपूर हुंगू देतो, घरी आला की आपोआप आडवा होतो.

तर्री_जास्त
अंबाझरीला पहाटे कोण कोण असतं? आम्ही पण येतो सहाला, एक काळी इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री, अन् लाल पट्टा.

मानेवाडा_चौक
अरे मग तुमची काळी रोज दिसते आम्हाला! आमच्या शेरूची मैत्रीण आहे ती.

त्रिमूर्तीनगरची
सगळ्यांचं वाचलं, टायगरचं वाचून थोडा वेळ फोन खाली ठेवला.
आत्ताच खालून आले. पोरं बिचारी घाबरली होती, त्यांना वाटलं मी तक्रार करायला आले. पिल्लू माझ्या ओढणीत नाक खुपसून झोपलं, भुऱ्याचा वास येत असेल. पोरांचे क्लास वेगवेगळ्या वेळी आहेत तर त्यांनी वेळापत्रक भिंतीवर चिकटवलंय कोण कधी घरी ते, अन् साडेनऊ ते अकरा कोणीच नसतं तेव्हा पिल्लू माझ्याकडे. दवाखान्यात शनिवारी नेणार आहेत. ओढणी तिथेच ठेवून आले.
भुऱ्या जिन्यात बसून खाली बघून राहिलाय.