थांबत्या गाडीच्या चाकांची थरथर आणि स्लिप रेशो

प्रश्न:
मी रेसिंग गेमसाठी टायरचे गणित स्वतः लिहीत आहे. टायरचे बल पासेका यांच्या ‘मॅजिक फॉर्म्युला’ने (स्लिपवरून, म्हणजे चाकाच्या घसरण्यावरून, बल देणाऱ्या सूत्राने) काढतो आणि गणना सेकंदाला 240 वेळा होते. वेगात गाडी खरी वाटते, परंतु ताशी 30 किलोमीटरच्या आसपास उतरली की चाके थरथरू लागतात आणि ब्रेक लावून चढावर उभी केलेली गाडी हळूहळू मागे सरकते. स्लिप रेशोच्या (चाकाच्या परिघाचा वेग वजा गाडीचा वेग, भागिले गाडीचा वेग) छेदात किमान वेग धरून पाहिला, तरी सरकणे थांबले नाही. चूक कोठे असावी?

उत्तर 1:
सरकण्याचे कारण सूत्राच्या स्वरूपातच आहे. ते स्थिर अवस्थेसाठी आहे. स्लिप शून्य असेल तर बलही जवळपास शून्य, म्हणून चढावर गाडी धरून ठेवण्यासाठी तिला थोडे सरकावेच लागते. खरा टायर मात्र न सरकता नुसता ताणला जाऊन बल देतो. तो ताण, म्हणजे टायर किती लांबी ताणला गेला ते, प्रत्येक चाकासाठी साठवा: ताणाच्या बदलाचा दर म्हणजे चाकाच्या परिघाचा वेग वजा गाडीचा वेग, त्यातून गाडीचा वेग गुणिले ताण भागिले रिलॅक्सेशन लेंग्थ (बल तयार होण्यासाठी टायरला साधारण जितके अंतर फिरावे लागते ते) वजा करायचे. ताण भागिले ती लांबी हे मूल्य स्लिप रेशोऐवजी सूत्रात द्या. वेगाने भागण्याचा प्रश्नच उरत नाही.

उत्तर 2:
थरथरीचा हिशेबही जुळतो. चाकाचे जडत्व 1 किलोग्रॅम-मीटर वर्ग, त्रिज्या 0.3 मीटर आणि स्लिप-कडकपणा (स्लिप रेशोच्या एका एककामागे वाढणारे बल) 50,000 न्यूटन धरला, तर आपल्या गणनेच्या दराने साधी ऑयलर पद्धत (प्रत्येक पायरीला आताच्या दरावरून पुढचे मूल्य काढणारी) ताशी सुमारे 34 किलोमीटरच्या खाली अस्थिर होते. ताणाची पद्धत यातून सोडवते, पण शून्य वेगाला तो ताण अवमंदन (हेलकावे शमवणारा विरोध) नसलेल्या स्प्रिंगसारखा वागतो, रिलॅक्सेशन लेंग्थ 0.3 मीटर धरल्यास चाक सेकंदाला सुमारे 19 वेळा हेलकावे खाईल. त्यामुळे कमी वेगात थोडे अवमंदन स्वतंत्रपणे घालावे आणि ताण काढताना चाकाचा नवा वेग वापरावा.

आणखी एक गोष्ट माझ्या मते अनेकदा निसटते. चाक डांबरावरून खडीवर गेले की साठलेला ताण त्या क्षणी नव्या घर्षणमर्यादेत कापून घ्यावा, नाहीतर वेग कमी असताना तो जुना ताण बराच वेळ टिकून राहतो आणि पुढे चाक पुन्हा डांबरावर आले की गाडीला अकारण हिसका बसतो.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. ताण साठवताच गाडी चढावर स्थिर उभी राहिली. हेलकावेही अवमंदनानंतर थांबले. खडीची चाचणी आता घेतो.